अर्ध्या मापाचं नॅट : गल्लीतल्या देखाव्याच्या नोंदी

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने करतो आम्ही) प्रत्येक जॉबला एक डायरी असते. ड्रॉइंग कधी आलं, लाकूड कुठलं वापरलं, काय चुकलं, कुणी चुकवलं, सगळं त्यात. गणपतीच्या देखाव्याला डायरी लावायची ही पहिलीच वेळ. सात तारखेला चतुर्थी, आज तीस, आणि आज रात्री आम्ही देखावाच बदलला. मागाहून भांडणं होणार हे नक्की, तेव्हा लिहिलेलं बरं.

आधी ठरलेला विषय होता ‘मोबाईलच्या विळख्यात तरुणाई’. बारा फुटी मोबाईल, त्याला आठ हात आणि हातांत लोंबकळणारी पोरं. बैठकीत विषय निघाला की सगळे खाली मान घालून आपापल्या मोबाईलमध्ये बघायचे. थर्माकोलवाल्याचं नुसतं कोटेशन आलं होतं, काम सुरू नव्हतं.

आज काका कट्ट्यावर आले ते खिशात पेपरचं कात्रण घेऊनच. काका म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचेच काका. हवाईदलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे कारागीर. ट्रेनिंग इथंच, सांबऱ्याच्या हवाईदल तळावर झालेलं. कात्रणात बातमी होती: एअर मार्शल डेन्झिल कीलर गेले, वय ९०. १९६५ च्या लढाईत नॅट विमानातून सेबर, म्हणजे पाकिस्तानचं लढाऊ विमान, पाडणारे. त्यांचे भाऊ ट्रेव्हर यांनीही सेबर पाडलं होतं आणि दोघांनाही वीरचक्र मिळालं होतं. ट्रेव्हर २००२ मध्येच गेले. काकांनी बातमी वाचून दाखवली, कात्रणाची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, “नॅटवर मी काम केलंय. शिडी लागायची नाही त्याला. जमिनीवर उभं राहून सगळं हाताला यायचं.”

कुणीतरी विचारलं, नॅट म्हणजे काय? काका म्हणाले, “चिलट.” पोरं हसली. लढाऊ विमानाला चिलट कोण म्हणतं? तिथून पुढं दीड तास काकाच बोलत होते आणि एकानंही मोबाईल काढला नाही. अध्यक्षांनी ते बरोबर हेरलं. माणूस हुशार आहे.

एक आक्षेप आला, तोही मागच्या रांगेतून: ख्रिस्ती माणूस गणपतीसमोर कसा? यावर आजोबांनी (अध्यक्षांचे सासरे) पानाची पिंक टाकून विचारलं, “सेबरनं कुठं विचारलं होतं त्याला, तू कोण म्हणून?” विषय संपला.

दुसरा आक्षेप खुद्द अध्यक्षांचा. कीलर लखनौचे, लढाई पंजाबच्या हद्दीवर झालेली, तर बेळगावचा काय संबंध? याला आजोबांकडे उत्तर तयार होतं. त्यांचं मूळ गाव मुतगा, सांबऱ्याच्या अलीकडचं. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या कारवाईत सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं वायरलेस केंद्र फोडून आली. आजोबा तेव्हा शेतात होते. “बैल दावं तोडून गेलं, दुसऱ्या दिवशी निलजीत सापडलं,” एवढीच त्यांची युद्धकथा. पण लढाऊ विमानाशी बेळगावचा संबंध काय, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही.

ठराव: नॅट. हलता देखावा. मुख्य काम माझ्याकडे. दिवस आठ.

३१ ऑगस्ट, शनिवार

मापं. नॅटची लांबी २८ फूट ८ इंच, पंखांचा पसारा २२ फूट १ इंच, उंची ८ फूट १ इंच. काकांनी ही मापं तोंडपाठ सांगितली आणि मी नंतर ताडून पाहिली, इंचाचाही फरक नाही. आमचा मंडप २० फूट रुंद. म्हणजे खरं लढाऊ विमान आणून उभं केलं असतं तरी दोन्ही बाजूंना फूट-फूटभर बाहेर आलं असतं, बास. आमच्या गल्लीतला रिक्षावाला म्हणाला, “हे कसलं विमान! माझ्या रिक्षाचा थोरला भाऊ हाय की!”

अर्ध्या मापाचं करायचं ठरलं. लांबी १४ फूट ४ इंच, पसारा ११ फूट आणि वर चार सूत (आठ सूत म्हणजे एक इंच).

पोटाला १२ मिलीच्या प्लायचे अकरा घेर, त्यावर पॅकिंगच्या पाईन पट्ट्या, वरून ३ मिली प्लायची कातडी. नाकासाठी शॉपमधले सागवानाचे तुकडे चिकटवून कोरायचं. नाक मीच कोरणार, ते कुणाला देणार नाही.

संध्याकाळी काकांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर तोफा कुठं बसतात ते काढून दाखवलं. हवा घेणारी दोन तोंडं असतात ना बाजूला, त्यांच्या ओठातच एकेक तोफ. तीस मिलीची, दोनच. सेबरला सहा मशीनगन, पण त्या अर्ध्या इंची. “याची एक गोळी बसली तरी पुष्कळ,” काका म्हणाले आणि लगेच पुढं, “सुटली तर. अडकायच्या फार.”

१ सप्टेंबर, रविवार

आज हात भरपूर होते. घेर कापून झाले, क्रमांक टाकले. चहावाल्याचा मुलगा सकाळी नऊपासून येऊन बसला. एकोणीस वर्षांचा आहे, बोलणं कमी, समजायला वेळ लागतो, आणि गल्लीत त्याला कामाला कोणी लावत नाही. मी पॉलिश पेपर हातात दिला आणि एक घेर दिला. दोन तासांनी बघतो तर घेराची कड आरशासारखी झालेली, पण जागेवरून न हलल्यानं एका ठिकाणी प्लायचा वरचा थर उडून खालचं लाल लाकूड दिसतंय. त्याला सांगितलं, दहा वेळा घासायचं आणि पुढं सरकायचं. मग तो मोठ्यानं मोजत बसला. दिवसभर शॉपमध्ये एक ते दहा चालू. माझा कारागीर वैतागला, पण संध्याकाळी त्यानंच सगळे घेर बघून कबूल केलं की असं सँडिंग आपल्या शॉपात होत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर झिमझिम. प्लाय फुगलं. दुपारी तीन तास लाईट नाही. काम शून्य.

३ सप्टेंबर, मंगळवार

पंख जोडले आणि माझी लाज निघाली.

दोन्ही पंख टेबलावर शेजारी ठेवले, तर डावा लांब. साडेचार फुटांच्या तुकड्यात साडेचार सूत फरक. पोरांना वाटलं कापणाऱ्याचा हात सुटला. मला आकडा ऐकताच कळलं. फुटाला एक सूत म्हणजे बिडाचं श्रिंकेज. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडं वेगळी पट्टी असते, जिचा फूट मुळातच एक सुतानं मोठा असतो. पंचवीस वर्षांच्या सवयीनं डावा पंख मी त्या पट्टीनं आखला होता. उजवा कारागिरानं साध्या पट्टीनं. म्हणजे माझं विमान ओतून थंड केलं असतं तरच बरोबर आलं असतं.

काका टेबलाशी उभे होते. म्हणाले, “मोठं करायची खोड सगळ्यांनाच असते.” मी काही बोललो नाही. डाव्या पंखाचं टोक कापलं.

आजची तारीख काकांनीच आठवण करून दिली. ३ सप्टेंबर १९६५: पठाणकोटहून उडालेल्या २३ स्क्वाड्रनच्या (हवाईदलाच्या तुकडीच्या) नॅटमधून ट्रेव्हर कीलर यांनी जम्मूतल्या छांबच्या भागात सेबरवर तोफा डागल्या. त्याआधी दोनच दिवस आपली जुनी व्हॅम्पायर विमानं छांबवर पडली होती. म्हणून डाव असा होता की आपली मिस्टेअर विमानं वर दिसतील अशी पाठवायची, सेबर त्यांच्या मागं आले की खालून लपत आलेल्या नॅटनी झडप घालायची. भारतीय हवाईदलाचा हवेतल्या लढाईतला तो पहिला विजय मानला गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग काकांनी बाकीचंही सांगितलं. पाकिस्तानचं म्हणणं, ते सेबर मोडलेल्या अवस्थेत तळावर परत आलं. आणि त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. ते आजही कराचीच्या संग्रहालयात उभं आहे.

एक पोरगा म्हणाला, “काका, हे कशाला सांगूलालाय? मूड जातोय.”

काका म्हणाले, “मग सिनेमा बघ जा.”

४ सप्टेंबर, बुधवार

आजचं भांडण मोठं. पेंटरनं सेबर करून आणलं. प्लायवर कापलेलं, पाच फुटी, शेपटीला लाल-पिवळ्या ज्वाळा. नॅटच्या मागं तारेवर लटकवून खाली घसरत आणायचं अशी कल्पना. अध्यक्षांना तशी तीन हवी होती.

काका आधी नुसते बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे उलटं झालं.” मला लगेच कळेना. त्यांनी बोट दाखवलं. पुढं आमचं अकरा फुटी नॅट, मागं पाच फुटी सेबर. बघणाऱ्याला काय दिसणार? मोठ्या विमानानं छोटं विमान पाडलं. प्रत्यक्षात सेबर सदतीस फुटी होतं आणि नॅट बावीस फुटी. नॅट सेबरला सापडत नसे ते याच लहानपणामुळे. समोरून येताना वैमानिकाला ते दिसायचंच नाही. तीच गोष्ट देखाव्यातून गेली तर उरलं काय? ज्वाळा.

अध्यक्ष म्हणाले, पब्लिकला एवढं कळत नाही. काका म्हणाले, मग मला कळतं म्हणून करा. आवाज चढले. मी मध्ये पडलो नाही, कारण मला हिशेब दिसत होता. सेबरचा पसारा सदतीस फूट, अर्ध्या मापाला साडेअठरा. मंडप वीस फूट. मागच्या पडद्यावर अख्खं सेबर बरोबर मावतं, दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण फूट शिल्लक राहतं.

पेंटरला पडदा खाली अंथरायला लावला, खडू आणि दोरी घेऊन मीच सेबर आखलं, त्याच साध्या पट्टीनं. आखून झाल्यावर चहावाल्याचा मुलगा त्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेला. मोठं आहे म्हणाला. मग पडद्यावर नॅट आडवं ठेवून पाहिलं. अध्यक्षही गप्प झाले. पाच फुटी सेबर आता माझ्या शॉपच्या मागं पाऊस खातंय.

५ सप्टेंबर, गुरुवार

फलक. मजकूर मराठीत आणि कानडीत. कानडी मजकूर शेजारच्या अण्णांनी करून दिला. पोस्टातून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी हवाईदलाला लिहिलं ‘वायुपडे’. वाचून दाखवताच पोरं बिथरली: आमच्या गणपतीत आमचंच विमान पडे? अण्णा हसून हसून लाल. कानडीत पडे म्हणजे सेना, फौज. मराठीत पडे म्हणजे धाडकन. बेळगावात राहून हे माहीत नव्हतं असं नाही, पण विमानाच्या चित्राखाली तो शब्द बघून पोट धरून हसलो. शब्द तोच ठेवला. अण्णांनी स्वतःहून एक ओळ घातली: नॅट विमानं बेंगळूरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात) बनत होती. अध्यक्ष खूश, कारण आता कर्नाटकाचाही संबंध आला.

मराठी फलकावर दुसरं भांडण. अध्यक्षांनी मला न विचारता डिजिटल बॅनर छापून आणला, काकांच्या फोटोसह: ‘शूर वैमानिक कीलर साहेबांचे सहकारी’. काकांनी तो उलटा करून भिंतीला टेकवला.

“मी कीलर साहेबांना बघितलेलं नाही. ते नऊ नंबर स्क्वाड्रनचे, मी त्यांच्या स्क्वाड्रनला कधी नव्हतो. पासष्टला मी शाळेत होतो.”

“काका, कोण विचारणाराय?”

“मीच विचारतोय की.”

सोळाशे रुपये गेले. बॅनरची मागची बाजू कोरी असल्यानं ती नॅटच्या खाली ग्रीस पडू नये म्हणून अंथरली. शेवटी काकांबद्दल फलकावर एवढंच आलं की मार्गदर्शन: एक निवृत्त एअरफ्रेम फिटर.

मुख्य मजकूर काकांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. १९ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानातल्या चविंडाचा भाग. मिस्टेअर विमानांच्या रक्षणाला चार नॅट, पुढारी स्क्वाड्रन लीडर डेन्झिल कीलर. सोबत कपिला, राय आणि मायादेव. सेबरनी गाठलं, जमिनीलगत झटापट झाली. कीलर आणि कपिला यांनी एकेक सेबर पाडलं. मायादेव यांच्या नॅटला मार बसला, ते उडी मारून वाचले आणि युद्धकैदी झाले.

शेवटच्या वाक्यावर अध्यक्षांनी खोडायला पेन ठेवलं. मायादेव आडनाव ऐकून एक-दोघांचे कान टवकारले होते. त्यातलाच एक म्हणाला, राहू दे ते वाक्य, तोही त्यात होता ना. राहिलं.

आणखी दोन ओळी काकांनी शेवटी घातल्या. एक, १९७८ मध्ये मिग-२१ ची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, हवेत उडून गेली, तरी उडी न मारता कीलर यांनी विमान खाली आणलं, त्यासाठी कीर्तिचक्र. दुसरी, निवृत्तीनंतर ते स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या संस्थेचं काम बघत होते, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे खेळ. ही ओळ लिहिताना चहावाला किटली घेऊन मागं उभा होता. त्यानं ती ओळ परत वाचायला सांगितली. मग कप भरून निघून गेला.

६ सप्टेंबर, शुक्रवार (मध्यरात्र उलटून गेली, म्हणजे खरं तर ७)

हरताळका असल्यानं घरी सगळ्या उपाशी, इथं आम्ही उपाशी. दिवसाचा हिशेब भराभर.

कॅनॉपी: अ‍ॅक्रेलिकचा भाव ऐकून पाण्याचा वीस लिटरचा जार उभा कापला. निळसर झाक आहे, पण लाईटमध्ये झकास दिसतं. जवळ गेलं की आतल्या बाजूला कंपनीचं उठावदार नाव दिसतं. जवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही.

रंग: चंदेरी. पंखांवरच्या गोलात पेंटरनं केशरी आत आणि हिरवा बाहेर केला होता. काकांनी लांबून ओळखलं: हिरवा आत, केशरी बाहेर. चारही गोल परत. शेपटीवर नंबर हवा असं पोरांचं म्हणणं. मनाचा नंबर टाकायचा नाही असं काकांचं. जागा कोरी ठेवली.

चाकं: बसवणाऱ्यानं ती अर्धवट बाहेर आलेली अशीच चिकटवून टाकली, पूर्ण आतही नाहीत आणि पूर्ण खालीही नाहीत. मी ओरडणार तेवढ्यात काका म्हणाले, चालतंय. नॅटला वेगळे एअरब्रेक नव्हते. वेग कमी करायचा असला की चाकं अशीच थोडी खाली सोडायची आणि त्यांची झाकणं वारा अडवायची. चुकून का होईना, आमच्या पोरानं एअरब्रेक लावला.

यंत्रणा: गाडीची वायपर मोटर, त्यावर सायकलची चेन आणि दोन स्प्रॉकेट लावून वेग कमी केला. क्रँकनं विमान डावीकडं कलतं आणि नाक दीड फूट वर उचलतं. सागवानामुळे नाक जड झालं होतं. शेपटीत चौदा किलोची रद्द झालेली कास्टिंग बांधली तेव्हा तोल आला. पहिल्या चाचणीत कॉटर पिन तुटली आणि नॅट नाकावर आपटलं. नाकाला काही झालं नाही. खालची फरशी फुटली. सागवान आहे शेवटी.

दुसरी चाचणी एक वाजून दहा मिनिटांनी. मोटर सुरू, विमान कललं, नाक वर गेलं, पडद्यावरच्या सेबरमागं लाल लाईट पेटला. काकांनी काहीच म्हटलं नाही. विमानाच्या पोटाखाली जाऊन त्यांनी एका पट्टीला हात लावला, दाबून पाहिली, आणि नुसतं “खिळा कमी आहे इथं” म्हणाले. खरंच कमी होता.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरतीनंतर देखावा सुरू. एक खेळ दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. बटण चहावाल्याच्या मुलाकडं. त्याला सांगितलंय, आवाज सुरू झाला की मनात वीस मोजायचं आणि हिरवं बटण दाबायचं. दहावी-बारावीच्या पोरांना हे जमलं नव्हतं, ती गर्दीत पोरी बघत बसायची. हा चुकत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरी जेवल्या, त्यामुळे आज बायकांची गर्दी. आतापर्यंत सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: खरंच एवढंच होतं का? आम्ही सांगतो, याच्या दुप्पट. तेवढ्यानंही लोकांना ते लहानच वाटतं. काल एका आजीनं कॅनॉपीकडं बघून विचारलं, आत माणूस बसतो कसा, पाय कुठं ठेवतो? काकांनी खुर्चीवर बसून पाय पुढं लांब करून दाखवलं. आजी म्हणाल्या, बाई गं, तिरडीवर असतात तसं. त्यावर काकांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. उजव्या तोफेचा लाईट बंद पडला. पाणी शिरलं असणार. वायरमन शिडी घेऊन आला, तेवढ्यात आठचा खेळ सुरू झाला आणि डावी तोफ एकटीच चमकली. काकांनी वायरमनला खाली उतरवलं. “असू दे तशीच. आता बरोबर झालं.” वायरमनला वाटलं म्हातारं फिरलंय. मी त्याला तोफा अडकायच्या ते सांगितलं, तर म्हणाला, मग मजुरी देणार का नाही? दिली.

कॅम्पातून मराठा रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदार आले होते. तीन खेळ सलग पाहिले. जाताना फलकावरच्या मायादेव यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे कोणी लिहिलं?” अध्यक्षांनी छाती काढून सांगितलं, “मंडळानं.”

स्पर्धेचे परीक्षकही येऊन गेले. बक्षीस मिळायचं नाही. शेजारच्या पेठेत चाळीस फुटी केदारनाथ आहे आणि त्यावर बर्फ पडतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. बक्षीस नाही, अपेक्षेप्रमाणे. नॅट ट्रॉलीवर घालून मिरवणुकीत न्यावं असा पोरांचा हट्ट. पसारा अकरा फूट, खडे बाजारात वळणावर अडकणार. पंख काढून नेण्यात अर्थ नाही. नॅट मंडपातच राहिलं, गणपती कपिलेश्वरला. आमचा नंबर लागेपर्यंत पहाट झाली. चहावाल्याचा मुलगा मिरवणुकीत आलाच नाही. रात्रभर मंडपात बसून होता, बटणापाशी.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मंडप उतरवला. तारीख आज मीच काकांना सांगितली. ते विसरले होते, किंवा तसं दाखवत होते. चविंडाच्या त्या झटापटीला आज एकोणसाठ वर्षं झाली. सुटे करायला सहाजण होते. पंख चार-चार बोल्टांवर होते, निघाले. डाव्या पंखाच्या टोकाला माझी कापलेली रेघ रंगाखालून अजून दिसते.

ठेवायचं कुठं हा प्रश्न होता. मंडळाची खोली आठ फुटी. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी मोबाईलला लाकूड लागेल, मोडून टाका. शेवटी माझ्या शॉपच्या माळ्यावर जुन्या पॅटर्नच्या शेजारी चढवलं. पंपाच्या केसिंगचे पॅटर्न, फ्लायव्हील, आणि आता हे. नाक माळ्याच्या बाहेर फूटभर येतं. चहावाल्याच्या मुलाला उद्यापासून शॉपवर यायला सांगितलंय, सँडिंगला, अर्धा दिवस. पगाराचं त्याच्या बापाशी बोलायचं आहे. पहिल्या महिन्यात कारागीर काय म्हणतो ते बघू.

शॉपच्या नियमाप्रमाणे पॅटर्न रजिस्टरला नोंद केली. नाव: नॅट. माप: अर्धं. लाकूड: प्लाय, पाईन, नाकाला साग. भाग: सात. श्रिंकेजच्या रकान्यात हात आपोआप ‘फुटाला एक सूत’ लिहायला निघाला होता. खोडून लिहिलं: नाही.